गोतमाऱ्यांचे पोट आणि दूरचित्रवाणीवरचे यंत्र

काही वस्तू घरात एकट्या येत नाहीत, किस्से घेऊन येतात. आमच्या चौबे कॉलोनीतल्या मराठी मंडळींकडे शीतकपाटे आली, शिलाईयंत्रे आली. त्यांच्याविषयी सांगण्याजोगे काही घडले नाही. वसंतराव गोतमारे यांच्या पोट कमी करण्याच्या यंत्राचा विषय निघाला, की मात्र चहा निवतो! नवे राज्य झाले, रायपूर राजधानी झाले, त्या सुमाराची ही हकिकत.

वसंतराव गुढियारीच्या बाजूला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. गणेशोत्सवात आमच्या मंडळाचे ऐतिहासिक नाटक होई आणि नायक वर्षानुवर्षे वसंतरावच. त्या वर्षी दिग्दर्शक उमाठे सरांनी तालमींपूर्वीच बजावले, "पोट कमी करा, नाहीतर या खेपेला नायिकेचे वडील तुम्ही!"

दुसऱ्याच दिवशी वसंतरावांनी दूरचित्रवाणीवरची जाहिरात पाहून यंत्र मागवले.

*

जाहिरातीतला गोरा गृहस्थ दुसऱ्याच्या आवाजातल्या हिंदीत सांगे, की या यंत्राने 'ॲब्ज' येतात. वसंतरावांनी मला मराठी शब्द विचारला. मी शोध घेऊन कळवले, की रूढ शब्द नाही, कारण ती वस्तू आपल्याकडे रूढ नाही. 'उदरस्नायू' चालावा.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले, "हे नाव आयकूनच मले दवाखान्यात जावं वाटून राहिलं."

*

यंत्र आले. सरकती बैठक, खाली चार चाके. चाके आहेत म्हटल्यावर वसंतरावांच्या पत्नी कुंदावहिनींनी त्याची वाहनपूजा केली! हळदकुंकू, हार, पुढे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. वसंतराव बैठकीवर बसले, जोर केला, लिंबू चिरडले, टाळ्या पडल्या. फोडलेल्या नारळाच्या वड्या झाल्या. त्या दिवशीचा व्यायाम एवढाच.

*

बातमी पसरली. रोज सकाळी कोणी ना कोणी यंत्र पाहायला येई. पुरानी बस्तीतूनही लोक आले. आता, वैदर्भीय घरात आलेल्या माणसाला नुसते यंत्र दाखवून वाटेला लावत नाहीत. वसंतराव प्रात्यक्षिक करत, तोवर आत पोहे होत. पाहुण्याने एकट्याने खाणे बरे दिसत नाही, म्हणून तेही बशी घेत.

एकदा शेजारचे वानखेडे आले. "भाऊ, मशीन कामाची हाय न? मी घेऊ काय?"

"पहिले पोहे घ्या," वसंतराव म्हणाले आणि स्वतःच्या बशीवर शेव पेरू लागले.

*

नागपूरहून भाड्याचे पोशाख आले. नायकाचा कमरपट्टा हाच परीक्षक. वसंतरावांनी श्वास रोखला. एक टोक उमाठे सरांनी ओढले, दुसरे मी. टोकांची नजरानजर झाली, भेट झाली नाही.

भूमिका निशांतला गेली. हा आमच्याच मंडळातला तरुण. मराठी समजे, उत्तर हिंदीत देई. तो म्हणाला, "सर, ये 'ळ' मुझसे नहीं होगा."

"ळ शिकवता येतो," सर म्हणाले, "पोट शिकवता येत नाही."

वसंतरावांनी कमरपट्ट्याची नीट घडी घातली, निशांतच्या हाती दिली आणि वधुपित्याचे संवाद मागून घेतले. त्या संध्याकाळी त्यांनी चहा घेतला नाही.

*

नायकपद गेल्यावर यंत्र पाहायला कोणी येईना. पाहुणे नाहीत, म्हणून पोहे नाहीत. वसंतराव दार लावून एकटेच यंत्रावर बसत.

वहिनी विचारत, "आता काहून करून राहिले? रोल तं गेला."

"मशीन तं हाय न," एवढेच ते म्हणत.

आणि प्रयोगाच्या दिवसापर्यंत पोट खरोखर गेले! श्रेय यंत्राचे की बंद पडलेल्या पोह्यांचे, यावर मंडळात अजून दोन तट आहेत. असे यंत्र घ्यावे का, म्हणून मला कोणी विचारले, तर मी सांगतो, अवश्य घ्यावे. कोणाला कळू देऊ नये.

*

प्रयोगापूर्वी रंगपटात उमाठे सरांनी वसंतरावांना धोतर नेसलेले पाहिले. "हे काय करून ठेवलं तुम्ही? वधुपिता खात्यापित्या घरचा आहे, वसंतराव!"

निशांत कमरपट्टा बांधून आरशासमोर उभा होता. आता अदलाबदल अशक्य. शेवटी वहिनींनी घरून उशी आणवली. सरांनी ती वसंतरावांच्या पोटावर आवळली आणि वर बाराबंदी चढवली.

राज्य नवे झाल्यापासून आम्हांला प्रमुख पाहुण्यांची टंचाई राहिली नव्हती. मंत्रालयातले एक साहेब आले होते. मराठी त्यांना येत नव्हती, तरी शेवटच्या अंकापर्यंत बसले. उत्कृष्ट अभिनेत्याची निवड त्यांच्याकडेच होती.

"देखिए, एक्टिंग तो सबने की," ते म्हणाले. "लेकिन ये जो पिताजी बने हैं, इनका पेट! एकदम ओरिजिनल!"

इतकी वर्षे नायक होऊनही वसंतरावांना हा करंडक कधी मिळाला नव्हता. डाव्या हाताने घसरती उशी सावरत त्यांनी तो उजव्या हाताने घेतला आणि ते ध्वनिक्षेपकापाशी गेले.

"धन्यवाद," ते म्हणाले. "लय मेहनत घेतली जी याच्यावर."