परक्या आजोबांना हार

वडिलांचं चित्र काढायचं म्हणून मी तैलरंग शिकायला लागले, आणि वडीलच समोर बसायला तयार होईनात. "भिंतीवर टांगायची घाई झाली व्हय तुला?" म्हणून ते पेपरात डोकं घालत. आमच्या कर्जतला मोठी तसबीर लागते ती माणूस गेल्यावरच, त्यामुळे त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण ते ब्याऐंशीचे झाले होते आणि माझा जीव खालीवर होत होता.

मिरजगावचे एक निवृत्त चित्रकलाशिक्षक मला शिकवत. ते म्हणाले, "आधी एखाद्या जुन्या उस्तादाची नक्कल करा, मग वडिलांच्या वाटेला जा." त्यांनी कुणा परदेशी चित्रकाराच्या तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या चित्राची छापील प्रत दिली. डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेला दाढीवाला म्हातारा. आधी सगळा चेहरा नुसत्या तपकिरी रंगात, मग त्यावर पातळ थर, थरावर थर. जवसाच्या तेलातला रंग आठ-आठ दिवस वाळत नाही आणि मला धीर नावालाही नाही. नाक तर मी सातदा पुसलं. वडील येता-जाता विचारत, "पाव्हन्याचं नाक बसलं का?"

सर्वपित्री अमावस्येला घरात स्वयंपाकाची गडबड, म्हणून चित्र पुढच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. देवळात निघालेल्या शेजारच्या काकू डोकावल्या. म्हातारा, डोक्याला फेटा आणि त्यात आजचा दिवस! त्यांनी पिशवीतला झेंडूचा हार काढून सरळ त्याला घातला. मी बाहेर आले तर काकू हात जोडून उभ्या. "तुमचं आजोबा लई तेजस्वी हुतं गं!"

ओल्या रंगात दाढीभर पाकळ्या चिकटल्या होत्या. दोन महिन्यांची मेहनत! मी रडायच्या बेतात, आणि वडील हसून हसून खोकायला लागले.

काकू गेल्यावर मी चिमट्याने पाकळ्या काढत बसले. वडील मागे येऊन चित्राकडे बघायला लागले. "कुठला कोन म्हातारा," ते म्हणाले, "पर जिता वाटतोय." मग आत जाऊन धुतलेला सदरा घालून आले आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले.

"काढ माझं. पर झालं की हार मी हाय तवरच घाल. मागनं मला कुठं दिसनार हाय?"

मी ब्रश उचलला, पण समोरचं काही नीट दिसेना.

"रडतीस काय," ते म्हणाले, "नाक बघ माझं."