कापडी बादली आणि दूरचा समुद्र

नागपुरात ध्रुवाकडचे समुद्र शिकवणारे एक प्राध्यापक आहेत, असं कुणी सांगितलं तेव्हा मला ती थट्टाच वाटली. पण एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला प्राध्यापक भास्करराव ठवकर मिठाच्या पाण्याने अर्धी भरलेली काचेची बरणी घेऊन वर्गात आले. रंगवलेलं गोडं पाणी त्यांनी तीत अलगद सोडलं. ते वरच तरंगत राहिलं. बर्फ वितळलं की तिकडच्या समुद्रावर असाच कमी खारट थर पसरतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, नागपुरात तं समुद्रच नाही. मंग आपण हे काहून शिकून राहिलो?"

"समुद्र समोर असता तं पोहून आले असते गा तुम्ही," सर म्हणाले. "नाही म्हणून तं शिका लागते."

पुढे दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रावर जाणाऱ्या जहाजात सरांना जागा मिळाली. धातूची बादली जहाजाच्या अंगावर आपटते, म्हणून त्यांनी गांधीबागेच्या कापडबाजारातून जाड कॅनव्हास आणून कापडी बादली शिवून घेतली. वरचं पाणी तिने ओढायचं, नमुना आधी बाटलीत भरून बूच लावायचं आणि मग सावकाश तापमान घ्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. ती सगळी मोजमापं त्यांनी विश्वासाने माझ्या प्रबंधासाठी दिली. मी उमरेडकडच्या शेतकरी घरातली. पदवी होईपर्यंत लग्नाचा विषय काढणार नाही, असा वडिलांचा शब्द होता. त्या शब्दावर भाऊबंद नाराज होते, त्यामुळे माझं सगळंच त्या प्रबंधावर टांगलेलं होतं.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. वारा जोरात असेल त्याच दिवशी तुमचं पाणी थंड कसं? हा समुद्राचा गुण की मोजण्याचा दोष? याचं उत्तर मिळेपर्यंत निर्णय लांबणीवर पडला.

ऐन मे महिन्यात मी रडवेल्या चेहऱ्याने सरांच्या घरी गेले. "घाबरून काहून राहिली वं? बस, पाणी पी आधी," असं म्हणत त्यांनी व्हरांड्यात टांगलेल्या छागलीतून, म्हणजे पाण्याच्या कापडी पिशवीतून, पेला भरला. भरता भरता ते थबकले. ओल्या कापडावर हात तसाच ठेवून म्हणाले, "थांब वं. हे पाणी कोनं थंड केलं?"

वाऱ्याने. ओल्या कापडाला वारा लागला की आतलं पाणी गार होतं, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. आणि आमच्या सरांनी सवयीने तेच कापड शिवून थेट त्या थंड वाऱ्यात नेलं होतं. नागपूरकराशिवाय ही चूक कुणी इतक्या मनापासून केली नसती.

सरांना गप्प बसता आलं असतं, कारण त्या मोजमापांचं तोवर बरंच कौतुक झालं होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी एस.टी. धरली आणि आमचं गाव गाठलं. वडिलांना म्हणाले, "पोरीचं काही चुकलं नाही जी. माह्या बादलीचं चुकलं. थोडा दम धरा." वडिलांनी दम धरला. ते उपकार मी कुठे ठेवू, हे मला अजून कळलेलं नाही.

मग ओळखीच्या एका शीतगृहात संत्र्यांच्या पेट्यांमध्ये आम्ही मिठाचं पाणी, एक कापडी बादली, एक प्लास्टिकची बादली आणि पंखा मांडला. मालक दारातून डोकावत म्हणाले, "मास्तर, संत्र्याले समुद्राची हवा काहून देऊन राहिले?" पंखा वाढवला की कापडी बादलीतल्या पाण्याचं तापमान जास्त उतरत होतं. त्यावरून आकड्यांत करायची दुरुस्ती निघाली.

दुसऱ्या परीक्षेला मी तोंड उघडण्याआधी सर उभे राहिले. "बादली मी शिवून घेतली, तापमान मी घेतलं. चूक माझी आहे, मुलीचं गणित बरोबर आहे." दुरुस्तीनंतर वाऱ्याच्या दिवसांचा तो गारवा पुसला गेला, पण बर्फाजवळचा कमी खारट थर जागच्या जागी राहिला. बाटल्या आधी भरून बंद केल्या होत्या ना! आधी बाटली, मग सावकाश तापमान, या ज्या सवयीने तापमान बिघडवलं तिनेच खारटपणा वाचवला. परीक्षकांनी हसत सही केली. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि कित्येक महिन्यांनी पोटभर श्वास घेतला.

आपली चूक सरांनी पुढे स्वतःच्या नावाने छापली. त्यांच्याबद्दलचा आदर त्याने वाढलाच.

सर आता साठीचे झाले. जुनी छागल फाटली म्हणून व्हरांड्यात हल्ली तीच समुद्रावरची बादली टांगलेली असते. परवा गेले तेव्हा त्यांनी तिच्यातलाच पेला भरून दिला. "घे वं. इथं हे बरोबर काम करून राहिली." सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, त्यांना उदंड उन्हाळे बघायला मिळोत आणि प्रत्येक उन्हाळ्यात त्या बादलीतलं गार पाणी त्यांच्याच हातून आम्हाला मिळो.