विहिरीतला एक पैसा

आणे-पै जाऊन तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. पांढुर्ण्याच्या शाळेत मी पोरांना दशांश शिकवत होतो आणि बाजारातली भाजीवाली अजून चार आण्यांची कोथिंबीर देत होती. दोघांचंही बरं चाललं होतं. एक पैशाचं नाणं मात्र रस्त्यात पडलेलं दिसलं तरी कोणी वाकत नसे. त्यामुळे एका पैशाकडे माझं दुर्लक्ष झालं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा समजावलं.

बोरगावकडच्या आमच्या गावी सामाईक विहीर होती. आजोबांनी तिचे तीन सारखे हिस्से केले होते. थोरला मुलगा, म्हणजे माझे मोठे बाबा, त्यांना पाच आणे चार पै. माझ्या वडिलांना तेवढेच. आणि नवरा गेल्यावर माहेरी परतलेल्या आत्यालाही तेवढेच. बारा पैंचा आणा, त्यामुळे सोळा आण्यांचे तीन भाग असे चोख पडतात. वडिलांच्या मागे त्यांचा हिस्सा माझ्याकडे आला. उन्हाळ्यात विहीर रात्रभर झिरपून भरायची. सकाळी जो पहिल्यांदा मोटर लावी त्याला पाणी, दुसऱ्याला त्याच्या निम्मं, तिसऱ्याला गाळ. म्हणून पहिली पाळी रोज बदलायची, आणि त्यावरून कधी आवाज चढला नव्हता.

वाटणीचा कागद घड्यांवर फाटायला आला, तेव्हा नवी प्रत करायला आम्ही तिघं सौसरला एका अर्जनविसाकडे गेलो. त्याच्या टेबलावर पितळेच्या तीन दौती होत्या. लिहायचा तो बॉलपेननं. "आणे कोण वाचते आता?" म्हणत त्यानं सगळं शंभर पैशांत उतरवलं. वाचून दाखवायचं काम माझं. मोठे बाबा चौतीस, आत्या तेहतीस, मी तेहतीस. मी थांबलो.

"तीन तेहतीस किती होते, मास्तर? नव्व्याण्णव," तो म्हणाला. "उरलेला पैसा मी घरी नेऊ का? थोरल्याच्या नावावर टाकला."

ऊन होतं, बसची वेळ झाली होती. आत्यानं विचारलं, "बरोबर हाये न, बाबू?"

बरोबर आहे, म्हणालो. तिनं अंगठा उठवला.

पुढच्याच उन्हाळ्यात मोठे बाबा रोज पहाटे आपली मोटर लावू लागले. मोठा हिस्सेदार म्हणून पहिली पाळी कायमची त्यांची. घरून लाकडी खुर्ची आणून ते जमीनदारासारखे विहिरीपाशी बसत आणि कागद खिशात ठेवत. आत्या येताजाता म्हणायची, "रामराम, एका पैशाचे मालगुजार!" त्यांना त्यातला 'मालगुजार' तेवढा ऐकू येत असावा.

आत्याची साठ संत्र्याची कलमं होती. दोन वर्षं घागरी वाहून तिनं ती जगवली होती. वैशाखात त्यांची पानं गुंडाळायला लागली. मी मोठ्या बाबांकडे गेलो.

"तिची झाडं मरून राहिली, मोठे बाबा."

"मले का आनंद होऊन राहिला? कागदावर अंगठा कोणाचा हाये? अन् वाचला कोणं? तूच न, गणिताचा मास्तर!"

आत्याकडे गेलो. ती एका कलमाच्या बुडाशी गवत पसरत होती.

"तुले तवाच दिसलं होतं का, बाबू?"

"दिसलं होतं."

ती पुढच्या कलमाकडे गेली.

शेवटी मी पुन्हा सौसरची बस धरली. माझ्या हिश्शातला एक पैसा आत्याच्या नावे करून द्यायचा होता. अर्जनविसानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग तिन्ही दौती बाजूला सारून लिहायला घेतलं. एवढ्या लहान दानाला एवढा मोठा मजकूर लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. आता ते दोघंही चौतीस, मी बत्तीस. मोठ्या बाबांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, मागची कोरी बाजूही, आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची घरी नेली. पहिली पाळी एक दिवस त्यांची, एक दिवस आत्याची. शेवटची रोज माझी.

आत्याची निम्मी कलमं तरली. तिनं माझ्याकडून कागद पुन्हा वाचून घेतला. या वेळी प्रत्येक शब्द वाचायला लावला.

"अन् तुयं किती राह्यलं?"

"बत्तीस."

तिनं बोटांची पेरं मोजली. "पाच आणे एक पै. तीन पै गेल्या तुया. बापानं तं सारखं देल्लं होतं."

त्यानंतर तिची पहिली पाळी असेल त्या दिवशी, मोटर बंद करायच्या आधी, ती पाट फोडून थोडं पाणी माझ्या वावराकडे सोडायची. मधला पाट महिनाभर कोरडा होता. ते पाणी अर्ध्या वाटेतच मुरायचं. दर रविवारी मी गावी गेलो की ती विचारायची, "पोचलं का रे?"

"पोचलं," मी सांगायचो.