बाईंचा ठेवा

ज्या बाईंबद्दल हे लिहायला बसलो आहे, त्यांचं नाव मला माहीत नाही. कित्येक वर्षं मी त्यांच्या खिडकीसमोर उभा राहिलो, माझ्या बोक्याला त्यांनी छातीशी धरून सुया टोचल्या, आणि तरी नाव विचारायला माझी जीभ काही रेटली नाही. त्या गेल्याचं मला औषधाच्या दुकानात कळलं. दुकानदाराने ते सुटे पैसे परत देता देता सांगितलं. तेव्हा पुढे जे येतं त्यातलं काही बाईंनी स्वतः सांगितलेलं आहे, काही बाकावर बसल्या बसल्या कानावर पडलेलं, आणि मधल्या भोकांना मी ठिगळं लावली आहेत. त्यांचा कुत्रा मात्र अजून तिथेच असतो. खिडकीवर आता दुसरी बाई आहे, तिच्या पायाशी पडलेला असतो.

दवाखाना जनावरांचा होता. एका संस्थेने चालवलेला, आणि ज्यांना महिनाअखेर गाठताना घाम फुटतो अशा लोकांसाठी. मिळकतीचा दाखला दाखवायचा आणि नाममात्र पैशांत उपचार घ्यायचे, अशी तिथली पद्धत. मूळचं ते एक गोदाम असावं. छत उंच आणि खिडक्या नको तिथे. लाँड्रीत काम करणारी एक बाई मांजर उशीच्या अभ्र्यात घालून आणायची. एक टॅक्सीवाला सशाला डब्याच्या पिशवीत घेऊन यायचा, आणि ससा आजारी आहे हे आपल्या बायकोला कळू नये म्हणून सगळ्यांना गप्प राहायला सांगायचा. दाखला खिडकीतून सरकवताना प्रत्येकाची मान खाली जाई. बाई तो वाचताना त्यावर आपला पंजा आडवा धरत, म्हणजे मागच्या माणसाला आकडा दिसू नये. हे त्या मुद्दाम करतात हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तिथे माणसाच्या नावाला काही किंमत नव्हती. कागद जनावराच्या नावाने निघायचा आणि हाकही त्याच नावाने पडायची. "चिंगीची आई, आत या." "ढोल्याचे मामा कुठे गेले?" माझ्या बोक्याचं नाव साहेब. जन्मभर कारकुनी करून साहेबांपुढे उभा राहिलेला मी, त्या खिडकीवर 'साहेबांचे बाबा' झालो. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा अख्खा बाक हसला आणि मीही हसलो.

बाई दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहत. नवरा ट्रकवर होता तो गेला, मूलबाळ नव्हतं, आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यातली नोकरी सुटल्यावर ही नोकरी खोलीसकट मिळाली होती. खोली म्हणजे सलाईनच्या खोक्यांच्या पलीकडे एक पलंग, एक गॅसची शेगडी आणि फिनेलचा वास. गंमत अशी की त्या खोलीला बाहेरचं दारच नव्हतं. दार उघडायचं ते तपासणीच्या खोलीत. म्हणजे कपडे वाळत घालायला निघालं तरी ओले परकर हातावर घेऊन चिंगी, ढोल्या आणि त्यांच्या सगळ्या नातेवाइकांसमोरून जायचं. सुट्टीच्या दिवशी खिडकी लावून पडावं तर बाहेरून टकटक सुरू.

"बाई, आज बंद आहे का हो?"

"बंद आहे म्हणून तर खिडकी बंद आहे."

"मग तुम्ही आत कशा?"

बाई उठत आणि खिडकी उघडत.

त्यांची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात होती. तिच्या घरात एक खोली रिकामी पडली होती. "ताई, रंग काढून ठेवलाय. गॅलरी आहे, वेगळा जिना आहे. सोड ती नोकरी, किती वर्षं कुत्र्यामांजरांचे पाय धरणार?" असं ती दर फोनला म्हणायची. वेगळा जिना हे शब्द बाई मला सांगताना असे उच्चारत, की जिना सोन्याचा असावा. त्यांनी होकार दिला होता. ट्रंक पलंगाखालून बाहेर निघाली होती. आणि नेमक्या त्याच सुमाराला एक छत्र्या दुरुस्त करणारा आला.

त्या दिवशी खिडकीवर झुंबड होती. टेबलावर एक मांजर रक्तबंबाळ होऊन पडलं होतं, बाईंचे दोन्ही हात त्याच्या मानेवर, डॉक्टर टाके घालत होते. दारातून कुणीतरी विचारलं, "कुत्रा आहे, कान सडलाय. ठेवू का?"

बाईंनी वरही पाहिलं नाही. "ठेवा, ठेवा," त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या भाषेत ठेवा म्हणजे शेजारच्या टेबलावर ठेवा, पाळी आली की बघतो. दिवसाला शंभरदा तो शब्द त्यांच्या तोंडून जाई. मांजराचे टाके झाले, हात धुतले, मागे वळून बघतात तर टेबलावर एक तपकिरी, मध्यम चणीचा कुत्रा, एका कानातून पू वाहतोय, आणि दोरी टेबलाच्या पायाला नीट गाठ मारून बांधलेली. माणूस नाही. खांद्यावर मोडक्या छत्र्यांची जुडी होती, एवढंच बाकावरच्यांना आठवत होतं.

संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. डॉक्टर म्हणाले, "बाई, टाकून गेला तो. रोजचंच आहे."

"टाकून नाही गेला. मी ठेवा म्हटलं, त्याला वाटलं इथे ठेवून घेतात. मी म्हटलं म्हणून गेला तो."

"म्हणजे कुत्रा तुमच्याकडे ठेव म्हणून आहे?"

"तसंच समजा."

डॉक्टरांना विनोद सुचला की ते सोडत नसत. त्यांनी कुत्र्याच्या कागदावर नावाच्या जागी 'ठेवा' असं लिहिलं. तेच नाव पडलं. ठेव्याचा कान बरा झाला, मात्र त्या कानाने ऐकू येईना, त्यामुळे हाक मारली की तो नेहमी उलट्या बाजूला बघायचा. बाई त्या दिवसापासून तो शब्द वापरीनाशा झाल्या. "टेबलावर चढवा" म्हणू लागल्या. कुणी बैल घेऊन आला असता तरी त्याला त्यांनी तेच सांगितलं असतं.

बहिणीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला असणार. "ह्यांना दमा आहे, ताई. केसाने जीव वरखाली होतो. कुत्रा इथे येणं शक्यच नाही."

"नाहीच आणणार. त्याचा मालक आला की लगेच निघते."

"आणि नाही आला तर?"

"येईल. शब्दाच्या घोटाळ्यात गेलाय तो."

ऋतू पालटले. छत्रीवाला काही आला नाही. बाकावर आमच्यात दोन पक्ष पडले होते. लाँड्रीवाली म्हणायची, बाईंचं बरोबर आहे, अडाणी माणूस, त्याला खरंच तसं वाटलं असेल. टॅक्सीवाला म्हणायचा, ज्याला छत्रीची तार वाकवता येते त्याला 'ठेवा' कळत नाही होय? मला काय वाटायचं ते मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला ठरवता आलं नसतं.

टॅक्सीवाला तोंडाने फाटका, पण मनाने नव्हता. एकदा त्याने सशाला मांडीवर घेऊन बाईंना सरळच विचारलं, "द्या तो कुत्रा मला. अंगण आहे, पोरं आहेत. तुम्ही जा बहिणीकडे. सुटा एकदाच्या."

बाईंचे हात थांबले. पट्टी गुंडाळत होत्या ती अर्धी तशीच राहिली. बहिणीने त्याच आठवड्यात सांगितलं होतं की खोली अशी किती दिवस रिकामी ठेवायची, घरात बोलणी सुरू झाली आहेत. एक हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी वेगळा जिना.

"आणि तो आला तर?" त्या शेवटी म्हणाल्या.

"कोण?"

"याचा मालक. मी म्हटलं होतं ठेवा. तो आला आणि मी म्हटलं की दुसऱ्याला देऊन टाकला, तर?"

"अहो, तो यायचा असता तर..."

"तुमचा ससा मी असा कुणाला दिला असता तर?"

टॅक्सीवाल्याने सशाचे कान कुरवाळले. ट्रंक पुन्हा पलंगाखाली गेली.

नेहमी येणारे आम्ही लोक तेव्हापासून बाईंना गमतीने 'ठेव्याची आई' म्हणू लागलो होतो. ते त्यांना खपत नसे. "मी आई-बिई कुणाची नाही. मी नुसती सांभाळते. आई म्हटलं की संपलंच." त्यांचा आवाज असा चढायचा की ढोल्या टेबलाखाली जायचा. मग कुणी म्हणेनासं झालं.

आणि छत्रीवाला आला. लसीकरणाचा दिवस होता, रांग फाटकापर्यंत. मी साहेबाला टोपलीत घेऊन तिसरा की चौथा उभा होतो, त्यामुळे हे मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. त्याची पाळी आली. खांद्यावर तीच जुडी, आणि सदऱ्याच्या आत एक काळं पिल्लू.

"लस द्यायची आहे," तो म्हणाला.

बाईंनी छत्र्यांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. खिडकीखाली ठेवा झोपला होता तो उठला, त्याने जुडीला नाक लावलं, शिंकला, आणि परत आपल्या जागी येऊन पडला. ओळखलं की गंजाचा वास नाकात गेला, कळायला मार्ग नव्हता.

"अरे, हा आहे होय अजून?" छत्रीवाला म्हणाला. जुना कोट कुणाच्या खुंटीवर दिसावा तसं.

"आहे. तुम्ही याल म्हणून आहे."

"मी कशाला? तुम्हीच म्हणालात, ठेवा."

"टेबलावर ठेवा म्हटलं."

"टेबल नव्हतं म्हटलं."

"तुम्हाला खरंच तसं वाटलं? इथे ठेवून घेतात असं?"

माणूस वाईट नव्हता. त्याने जुडीतली एक तार वाकवत थोडा विचार केला. "तेव्हा वाटलं. फाटकापर्यंत नक्की वाटत होतं. गल्लीत गेल्यावर जरा कमी वाटायला लागलं."

"मग मागे नाही फिरलात?"

"घरमालक म्हणाला होता, एक तर कुत्रा, नाहीतर तुम्ही. मागे फिरलो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, घेऊन जा. मग मी कुठे ठेवणार होतो?"

"आणि हे?" बाईंनी पिल्लाकडे बोट केलं.

"घरमालक बदलला."

"मग आता याला न्या."

"एकाचीच परवानगी आहे, बाई." तो पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "आणि याला पोरीने नाव ठेवलंय."

मागून कुणीतरी ओरडलं की रांग आहे. बाईंनी पिल्लू हातात घेतलं, कातडीची चिमूट धरली आणि सुई अशी दिली की त्याने कुंईसुद्धा केलं नाही. "पुढच्या डोसला आणा," त्या म्हणाल्या. छत्रीवाला गेला. मग माझी पाळी आली. बाईंनी साहेबाचं वजन केलं आणि कागदावर साहेबाऐवजी चिंगीचं नाव लिहिलं.

दुपारी त्यांनी बहिणीला फोन लावला. दवाखाना रिकामा होता, मी गोळ्यांसाठी थांबलो होतो, आणि त्या खोलीच्या भिंतीही फार जाड नाहीत.

"येते गं मी. मालक सापडला. तो नको म्हणतोय, म्हणजे आता कुणाला दिला तरी चालेल. टॅक्सीवाल्याला विचारते..."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. बाईंच्या बाजूने फक्त "हो" आणि "बरोबर आहे तुझं" एवढंच येत होतं. शेवटी म्हणाल्या, "नाही नाही, हॉलमध्ये कशाला. त्या भाडेकरू मुलीला नर्सिंगचा अभ्यास असेल, लवकर उठत असेल. मी इथे बरी आहे."

फोन ठेवून त्या बाहेर आल्या आणि गोळ्या मोजून मला दिल्या.

"खोली गेली," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही, कारण समोर मी आणि साहेब दोघेच होतो. "इतके दिवस विचारलं कुणी, की मी म्हणायची, या कुत्र्याने अडवलंय. आता तसं सांगायचीही सोय राहिली नाही."

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "टॅक्सीवाला अजून नेईल कुत्र्याला."

"नेईल की. मग मी एकटीच अडकेन इथे." आणि त्या हसल्या. फार नाही, थोडंसं. ठेवा हाक न मारताच उलट्या बाजूला बघत होता.

त्यानंतर बाई असताना मी एकदाच गेलो. साहेब उतरणीला लागला होता आणि माझे गुडघेही. खिडकीवर कुणी नव्हतं. आत बादली सरकल्याचा आवाज येत होता. मला मोठ्याने हाक मारायची सवय नाही, पण मागे रांग होती, म्हणून वाकून खिडकीत तोंड घातलं. बाई म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते दुसरंच.

"ठेव्याची आई, साहेबाच्या गोळ्या संपल्या हो."

म्हटल्यावर माझं मलाच कानकोंडं झालं. बादलीचा आवाज थांबला.

"थांबा, आले," आतून उत्तर आलं. हात पुसत त्या बाहेर आल्या, कुत्रा पायात घोटाळत होता. "लोण्यातून देताय ना?"

"लोणी खातो, गोळी थुंकतो."

"मग आधी नुसतं लोणी द्या. दुसऱ्या वेळेला गोळीचं. फसतात."

"बरं. येतो मग."

"या."