आधी कातडं, मग हळद

सुगलाआत्या आमच्या चाळीत कुणाच्याही घरात न विचारता शिरायची, आणि शिरली की थेट चुलीपाशी. कोंबडी आणलेली असली तर संपलंच! पिसं काढून, जाळावर भाजून, हळद चोळून ठेवलेली कोंबडी ती खसाखसा धुऊन काढायची. "हळदीखाली काय बी झाकतंय. आदी कातडं दावा, मग हळद लावा की!" अंगावर फोड आलेली कोंबडी खाऊन एकदा तिचं सगळं घर आडवं झालं होतं, तेव्हापासूनचं हे खूळ. बहुतेक वेळा काहीच निघायचं नाही, पण बाई ओशाळेल तर शपथ! नात्याची ना गोत्याची, नुसती शेजारीण. पण तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती.

वडील गेल्यावर धाकट्या बहिणीचं, रत्नाचं लग्न माझ्या गळ्यात आलं. बार्शीची माणसं सोयरीक पक्की करायला येणार होती. मी गिरणीतली पाळी बुडवून कुंभारीहून कोंबडी आणली. विकणाऱ्यानं तिथंच भाजून, हळद लावून दिलेली. पाहुणे टेकतात न टेकतात तोच आत्या हजर! हळद धुतली, पंख उचलला आणि मला हाक मारली. पंखाखालचं कातडं काळंनिळं पडलं होतं. दाबलं की घाण पाणी यायचं.

"पुरून टाक जा."

"अगं आत्या, पाहुणे बसलेत! हळू तरी बोल!"

"बसू देत की. रत्ने, पिठलं टाक."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हळू बोलणं तिला जन्मात जमलं नाही. बाहेर सगळं ऐकू गेलं आणि मुलाची आई आत डोकावली.

"येवढंच व्हय? आमी न्हाय बाई टाकत. चांगलं बाप्यांच्या ताटात, आन ह्ये पंखाकडचं सुनांना. तिखट जास्त घातलं की काय कळत न्हाय."

पिठलं ढवळणारा रत्नाचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. इतकं चांगलं स्थळ, सगळी चाळ दारात उभी! शेवटी मी हात जोडले.

"मावशी, जेवून जावा. पर पोरगी न्हाय द्यायची आमाला."

पाहुणे न जेवताच उठले. आत्याला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण त्या दिवशी दोन बरे शब्द बोलायचे सोडून बाई माझ्यावरच खेकसली, "येवढा येळ लागतो व्हय रं कळायला?"