हनवते सर आणि पुढचं गेट

हनवते सरांशी भांडणं अशक्य होतं. कुणी आवाज चढवून आलं की ते आधी खुर्ची पुढे करायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "मला भांडायचं नाही, मला समजून घ्यायचंय." या वाक्याचा आमच्या ऑफिसात शिवीपेक्षा जास्त धसका होता. भांडण अर्ध्या तासात मिटतं; सरांचं समजून घेणं मात्र आठवडेच्या आठवडे चालायचं.

आम्ही हैदराबादेत एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात शेजारी शेजारी बसायचो. सर माझ्याहून बरेच मोठे, निवृत्तीला टेकलेले. त्यांचे वडील नोकरीच्या शोधात नांदेडकडून इथं आलेले. सर इथंच वाढले, शिकले. बोलताना मराठवाड्यातलं 'कामून' आणि हैदराबादचं 'नक्को' एकाच वाक्यात सुखानं नांदायचं. बागलिंगमपल्लीला त्यांचं घर होतं, घरासमोर मुलीनं हौसेनं घेऊन दिलेली मोटार कव्हर घालून उभी असायची, आणि सर सायकलवर यायचे. काळी, उंच, जुन्या घडणीची सायकल. कॅरिअरला डबा. पॅन्ट चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा. तो काढायचं ते हमखास विसरायचे, त्यामुळे मोठ्या साहेबांच्या मीटिंगमध्येही टेबलाखाली सरांच्या घोट्यापाशी एक निळा चिमटा ऐटीत बसलेला असे.

हा माणूस सायकल का चालवतो याचं मला भारी कुतूहल होतं. गंमत म्हणजे प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळायचं. मोठ्या साहेबांना सांगितलेलं, "डॉक्टर म्हणाले." हिशेबखात्यातल्या लोकांना, "पेट्रोल परवडत नाही." नव्यानं लागलेल्या मुलामुलींना, "हवा स्वच्छ राहावी म्हणून." एकदा मी ही सगळी उत्तरं त्यांच्यासमोर मांडली आणि विचारलं, "यातलं खरं कोणतं, सर?"

"सगळी खोटी," ते हसून म्हणाले. "ज्याला जे पटंल ते सांगतो. खरं सांगू का ताई, सायकलवरून कुठंबी पाय टेकवून विचारता येतं. मोटारीत बसलं की काच खाली करेपर्यंत माणूस निघून जातो."

आणि ते खरंच विचारत. रस्ता खणलेला दिसला की खणणाऱ्याला, सीताफळांची पाटी दिसली की पाटीवालीला, लग्नाच्या बँडातला एखादा सकाळी सकाळी एकटाच फूटपाथवर बसलेला दिसला तर त्यालाही. ऑफिसात आले की घाम पुसत पुसत बातम्या सांगायचे. ड्रॉवरमध्ये एक इस्त्रीचा शर्ट कायम ठेवलेला असे. तो घालेपर्यंत निम्म्या शहराची खबर आम्हाला मिळालेली असायची.

याच सवयीनं एकदा बेगम बाजारातल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याचं भलं झालं. त्याच्या गोदामात पाणी शिरून माल भिजला होता, आणि हा मुद्दाम भिजवला असावा असा आमच्या सगळ्यांचा संशय होता. बाजाराच्या दिवशी त्या गल्लीत मोटार काय, रिक्षाही शिरत नाही. सर सायकल हातात धरून शिरले. परत आले ते शिंकत, डोळे लाल, शर्टावर तिखट. म्हणाले, "शेजारच्या इमारतीची टाकी गळतीय. भिंत हात लावून बघितली, ओली आहे. माणूस खरं बोलतोय." नंतर दिवसभर ते शिंकत होते आणि सगळा विभाग त्यांच्याबरोबर शिंकत होता.

सायकलवर त्यांचं प्रेम होतं, पण ते भाबडं नव्हतं. कुरकुरही मनसोक्त करायचे. "पुलावर सायकल नक्को म्हणतात, पुलाखाली बसगाड्या आडव्या उभ्या. सायकलवाल्यानं उडून यावं का?" मे महिन्यातल्या चढावर तर आपण आपल्याच मूर्खपणाला शिव्या देतो, असं त्यांनीच सांगितलं होतं. पण मागून कर्कश हॉर्न देणाऱ्या बसवाल्याबद्दल एक अक्षर वावगं बोलत नसत. "तो मला भेडसावत नाही, ताई. त्यालाच भ्या वाटतंय मी मधे येईन म्हणून. मी हात दाखवतो, तो गप होतो."

आमचं जुनं ऑफिस हिमायतनगरला होतं. तिथं सरांची सायकल जिन्याखाली उभी राहायची, कुणाला काही वाटायचं नाही. मग कंपनीनं कुकटपल्लीला एका नव्या काचेच्या इमारतीत जागा घेतली. आता तरी सर मोटार काढतील अशी आमची खात्री. पहिल्याच सकाळी ते अर्धं शहर ओलांडून सायकलवर आले, आणि गेटवर अडले.

मी तेव्हाच मेट्रो स्टेशनवरून चालत आले होते, म्हणून सगळं पाहिलं. यादगिरी नावाचा गार्ड हात आडवा धरून उभा होता. "सार, सैकिल पिच्छे के गेट से लेना."

"कामून?" सरांनी आधी मराठीत विचारलं, मग त्याला कळेल असं, "कौन बोले?"

"सुपरवायजर बोले, सार."

"उनको कौन बोले?"

यादगिरी विचारात पडला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. "मेरेकू नई मालूम, सार. सामने से कारां, बाइकां. सैकिल, डिलिव्हरी, कचरा, सब पिच्छे से."

सरांनी मान डोलावली, "अच्छा, मैं पूछ लेता," म्हणाले आणि सायकल वळवून मागं गेले.

मागं जाणं सोपं नव्हतं. पुढच्या हमरस्त्यावरून लॉऱ्यांच्या रांगेत पुढं जाऊन, वळसा घालून, नाल्याकडच्या गल्लीतून यावं लागे. तिथून तळघरात उतरणारा गुळगुळीत उतार, शेजारी जनरेटर, कचऱ्याचे डबे. सरांनी दुपारी सुपरवायझरला गाठलं. त्यानं इमारतीच्या मॅनेजरचं नाव सांगितलं, मॅनेजरनं मालकांच्या ऑफिसचं, मालकांच्या ऑफिसनं पुन्हा मॅनेजरचं. प्रत्येकाला सरांनी तेच सांगितलं, भांडायचं नाही, समजून घ्यायचंय. हा नियम केला कुणी, हे कुणालाच माहीत नव्हतं. पाळत मात्र सगळे होते.

या शोधात सरांना आणखी एक गोष्ट सापडली. "ताई, एक गंमत सांगू? यादगिरी स्वतः सायकलवर येतो. मागच्या गेटानं आत येतो, सायकल लावतो, वर्दी चढवतो आणि पुढं जाऊन सायकली अडवतो." हे सांगताना ते हसले नाहीत. मलाच हसू आलं होतं, ते मी आवरलं.

वर्षभर ते मागूनच येत राहिले आणि विचारत राहिले. मग एका सकाळी तळघराच्या उतारावर जनरेटरचं डिझेल सांडलेलं होतं. सायकल घसरली आणि सर हातावर पडले. मनगट मोडलं. त्यांना उचलून रिक्षात घातलं ते यादगिरीनं आणि सफाईवाल्या बायकांनी. घरी सरांच्या पत्नीनं, हनवतेबाईंनी, निक्षून सांगितलं की आता ती सायकल विकायची. मुलीनं मोटारीची किल्ली त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. सायकल सुटणार, असं मलाही वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटलं.

प्लॅस्टर घालून सर बसनं येऊ लागले तेव्हा मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मीही तिथं होते. साहेब मनानं चांगले, त्यांनी स्वतः खटपट केली होती. टेबलावर त्यांनी एक चकचकीत स्टिकर ठेवलं. "हनवते, तुमच्यासाठी खास परवानगी काढलीय. हे सायकलला लावा आणि खुशाल पुढच्या गेटानं या. कुणी अडवणार नाही."

सरांनी स्टिकर चांगल्या हातात घेतलं, पुढून पाहिलं, उलटून पाहिलं. "सर, हे यादगिरीला मिळंल का?"

साहेबांना प्रश्नच कळला नाही. "त्याला कशाला?"

"तोबी सायकलवरच येतो. सफाईवाल्या बायकांपैकीही दोघी येतात."

"अहो, त्यांचं वेगळं. तुम्ही ऑफिसर आहात."

सरांनी स्टिकर अलगद टेबलावर ठेवलं. "मग मला एकट्याला नक्को, सर. तुम्ही एवढं केलंत, आभारी आहे." आणि नमस्कार करून बाहेर आले. साहेब दुखावले, ते आठवडाभर दुखावलेले राहिले.

मला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत मी म्हटलं, "सर, वर्षभर ज्याच्यासाठी झगडलात ते हातात आलं होतं. हात मोडून घेतलात. मग का सोडलंत?"

ते डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडायची खटपट करत होते. मी मदत करायला गेले तर नको म्हणाले. तुकडा मोडला आणि मग बोलले. "आमच्या आजोबाला गावात मागच्या वाटेनं यावं लागायचं. पुढची वाट दुसऱ्यांची. कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. मला ती सोय झाली, म्हणून मी विचारतो. आता मी एकटाच पुढून गेलो ना ताई, तर नियम बरोबरच ठरतो. हनवते तेवढा वेगळा, बाकीच्यांनी मागूनच यावं."

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या वकिली आणि सरकारी नोकऱ्या. कुठल्या दारानं यायचं हे मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे दारांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा हा माणूस रोज मैलोन्मैल पॅडल मारत काय शोधत होता, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं. त्यांच्याबद्दल मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले आणि मी भाजी तिखट असल्याचं सांगितलं.

प्लॅस्टर निघाल्यावर सर पुन्हा सायकलवर, पुन्हा मागून. बाईंनी अबोला धरला, मग तोही सोडला. त्यांच्या विचारण्याला कंटाळून मॅनेजरनं उतारावर खाचा पाडल्या आणि कठडा बसवला, एवढंच फळ. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं घरी सोडायला मोटार मागवली होती. सरांनी ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवलं, हार हँडलला अडकवला, पायाला चिमटा लावला आणि खाचांच्या उतारावरून सायकल ढकलत वर गेले. यादगिरी पुढची ड्युटी सोडून मागच्या गेटाशी येऊन उभा होता. त्यानं सलाम ठोकला. सर म्हणाले, "यादगिरी, पूछते रहना." यादगिरी नुसताच हसला.

सर निवृत्त झाल्यावर शेजारची खुर्ची फार दिवस मला खुपत राहिली. सकाळच्या बातम्या बंद झाल्या. रस्ते का खणलेत ते कळेनासं झालं. ऑफिसच्या मागोमाग आम्हीही एव्हाना कुकटपल्लीला राहायला आलो होतो. माझा मुलगा शिकायला परगावी गेला, त्याची जाड टायरांची, गिअरची सायकल बाल्कनीत धूळ खात पडली होती. एका सकाळी ती पुसली, त्याचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, ओढणी कमरेला बांधली आणि निघाले. पहिल्याच चौकात धाप लागली. मागून बसनं हॉर्न दिला तेव्हा काळजाचं पाणी झालं. मग सरांसारखा हात दाखवला, आणि काय आश्चर्य, बस गप झाली. पुढं एक बाई चवळीच्या शेंगा विकत होती. मी पाय टेकवला आणि शेंगा कुठल्या ते विचारलं. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

ऑफिसजवळ आले तशी सरांची वाट आठवून मागच्या गल्लीकडे वळू लागले. तोच यादगिरीनं पुढचं गेट सताड उघडलं. "मॅडम, उधर कां जारे? इधर से आव."

"सायकल है ना, यादगिरी."

"अरे मॅडम, ये वो सैकिल थोडी है? ये तो शौक वाली है. आप जाव अंदर."

गेट उघडं होतं. मागं दोन मोटारी थांबल्या होत्या. आत सावलीत, पोर्चाशेजारी ऐसपैस जागा दिसत होती. मला घाम फुटला होता. तिथं उभ्या उभ्या मला त्या निळ्या चिमट्याची आठवण झाली.

"यादगिरी," मी म्हटलं, "ये सायकल सामने से, और तुम्हारी पीछे से, ये कौन बोले?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. "हौलापना! सार की पागलपन की बीमारी आपकू भी लगी? झगडा करना है क्या, मॅडम?"

"नक्को," मी म्हणाले. "समझ लेना है."

मागच्या मोटारीनं हॉर्न दिला. मी हात दाखवला, सायकल वळवली आणि नाल्याकडच्या गल्लीला लागले. यादगिरीनं मागून हाक मारली, "दोपहर कू मैं भी आता, मॅडम!" यादगिरीची ड्युटी दुपारी सुटते. तो सुटला की दोघांनी मिळून सुपरवायझरला विचारायला जायचं, असं ठरलंय.