भिंगताईचा कुणावरच विश्वास नाही

भिंगताईला तुम्ही सहज म्हणालात, "आज हवा काय छान आहे नाही?" तर ती आधी खिडकीबाहेर बघेल, मग तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, "काय काम काढलंस?" तिचा दूधवाल्यावर संशय, घड्याळावर संशय, वजनकाट्यावर तर फारच. लग्न का केलं नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. "होता एक," ती म्हणाली, "पण फार गोड बोलायचा." विषय संपला.

आम्ही तिघी बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला आहोत. ती, मी आणि आमच्यात वयाने सगळ्यात लहान, ती धाकटी. भट्टीतून निघालेल्या काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत एका उजळ पांढऱ्या पडद्यासमोर येतात. खुर्चीवर बसलेल्या बाईने त्यातली तडा गेलेली, बुडबुडा धरलेली बाटली उचलून बाजूला टाकायची. काम सोपं वाटतं, पण डोळे मोठे लबाड असतात. ते थकले की सांगत नाहीत. उलट सगळ्याच बाटल्या निर्दोष दिसायला लागतात. म्हणून आमच्यात पाळी बदलायची पद्धत आहे. मागून दुसरी येते, खांद्यावर थोपटते आणि बसलेलीने मुकाट्याने उठायचं. "मला दिसतंय गं अजून" असं म्हणणारीला तर आधी उठवायचं, ही भिंगताईची शिस्त.

नवऱ्याच्या टाचेवरचा डागही पहिल्यांदा तिलाच खटकला. माझा नवरा बस चालवायचा. एका रविवारी तो स्टुलावर पाय टाकून पेपर वाचत होता आणि भिंगताई चहा प्यायला आली होती. "भावजी, ते टाचेला काय लागलंय? धुऊन या बघू," ती म्हणाली. तो हसत गेला, साबणाने घासून आला. डाग तसाच होता. मी म्हटलं, "डांबर असेल, नाहीतर चटका." ती म्हणाली, "डांबर असं पसरत नाही."

तो कातडीचा कॅन्सर निघाला. हा उन्हात पडून राहणाऱ्यांचा आजार अशी माझी समजूत. तळपायाला, बुटातल्या टाचेला तो होतो हे आयुष्यात ऐकलं नव्हतं. टाचेचा तुकडा काढला, मांडीची कातडी तिथे लावली. त्या दिवसांत या दोघी नसत्या तर मी कोलमडले असते, हे स्वच्छ सांगते. धाकटी डबा आणायची आणि डब्याबरोबर कारखान्यातल्या सगळ्या बातम्या. तिच्या तोंडाला कुलूप नाही. भिंगताई यायची ती संशय घ्यायला. सलाईनची बाटली लावायला नर्स आली की ही चष्मा पुढे ओढून लेबल वाचणार, पेशंटचं नाव विचारणार, मग पेशंटलाही त्याचं नाव विचारणार. नर्स मला म्हणायच्या, "तुमच्या त्या इन्स्पेक्टरबाई आज कधी येणार? तेवढ्या वेळात आम्ही जेवून घेतो."

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "नुसती टाच नाही, सगळा पाय बघत जा. गाठ, फोड, नवा डाग, काहीही दिसलं तर थांबू नका." मी डोळ्यांत तेल घालून पट्टी बदलत राहिले. टाच भरली, कातडी धरली. नवरा डेपोत जायला लागला. तूर्तास त्याला ऑफिसात बसवलं होतं, ड्रायव्हरांना ड्युट्या लावून द्यायला. डॉक्टरी तपासणीत पास झाला की गाडी परत मिळणार होती. त्यासाठी त्याचा जीव तुटत होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

त्यानंतर एका संध्याकाळी भिंगताई आली. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, पंखा फुल होता. ती नवऱ्याच्या पायांकडे बघत म्हणाली, "भावजी, घरात मोजे? तेही गुडघ्यापर्यंत?"

"गार लागतं, ताई."

"कशाला? पंख्याला?"

तो हसला. मला मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. महिनोन् महिने भीतीत काढल्यावर आत्ता कुठे घरात हसणं ऐकू येत होतं. तिला दारापर्यंत सोडताना मी सुनावलंच, "माझ्या घरातही तडे शोधायला येतेस का गं?"

"मी फक्त मोजे म्हटलं," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. पुढे काही दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

इथपर्यंत संशय घेणं हे तिचं खातं होतं. मग ते माझ्याकडे आलं. बाजारातून परतले तर मोरीत दोन कप. "कोण आलं होतं?" "कुणी नाही, मीच दोनदा प्यायलो." चहा दोनदा पिणारा माणूस कप विसळत नाही म्हणून दुसरा घेतो, हे मी मान्य केलं असतं. पण एका कपात साखर न ढवळता राहिली होती आणि चहा न ढवळता पिणारी बाई मला एकच माहीत होती, भिंगताई. नंतर धाकटीने जेवणाच्या सुट्टीत बातमी आणली. "अगं, ताई आणि भावजी डेपोमागच्या बाकावर बसले होते. भावजींची मान खाली, आणि ताई आपली बोट नाचवतेय. मला बघून दोघं गप्प!"

मनात शंकेची पाल चुकचुकली. एकदा ती चुकचुकली की सगळंच जुळायला लागतं. नवरा फोन पालथा ठेवत होता. अंघोळीला आतून कडी लावत होता, इतक्या वर्षांत कधी लावली नव्हती. निजताना दिवा आधी घालवत होता. हसू नका. तो टक्कल पडलेला, लंगडणारा, आणि ती जगात कुणावरही विश्वास न ठेवणारी. पण कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की. पट्ट्यासमोर बसले की बाटल्यांऐवजी मला तो बाक दिसायचा. खांद्यावर तिचा हात पडला की अंग आक्रसायचं. त्यात ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

त्या दिवशी डोकं दुखतंय सांगून मी लवकर निघाले. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज आला.

"आज सांगणार आहात की नाही? तुमच्याच्याने होत नसेल तर मी सांगते."

मी दार ढकललं. "सांगा की! मीही ऐकते! घर माझंच आहे ना अजून?"

नवरा पलंगाच्या कडेला बसला होता, भिंगताई समोर स्टुलावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आता कोण काय थाप मारतं ते बघायला मी तयारच होते. पण ती उठली. स्टूल माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बस. माझी पाळी संपली. आता तू बघ."

नवऱ्याने उजवा मोजा खाली गुंडाळला.

पोटरीवर तीन गाठी होत्या. मसुराच्या डाळीएवढ्या, त्यातली एक निळसर काळी. टाचेपासून वीतभर वर. महिनोन् महिने मी त्या पायापाशी बसले होते आणि टाचेपलीकडे माझी नजर गेली नव्हती.

"पाय काढतील गं," तो म्हणाला. "तपासणी तोंडावर आलीय. म्हटलं, एकदा गाडी हातात येऊ दे, मग दाखवू." आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिले. मला इतकी भीती पहिल्या वेळीही वाटली नव्हती.

थोड्या वेळाने मी भिंगताईकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"शंका होती. माहीत कालच झालं. काल दाखवला त्यांनी पाय."

"मग मला का नाही बोललीस?"

"मोजे म्हटलं तर तू मला घराबाहेर काढलंस," ती म्हणाली. "आणि हे त्यांनीच सांगायला हवं होतं. मी सांगितलं असतं, तर पुढे काही झालं की तेही त्यांनी लपवलंच असतं. म्हणून मागे लागले होते. आज नसते बोलले, तर उद्या मीच सांगणार होते, मग तू काही का म्हणेनास." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत तिने विचारलं, "आमच्या दोघांवर संशय घेतलास ना?"

"घेतला."

"बरं केलंस. काहीतरी शिकलीस माझ्याकडून."

सकाळी आम्ही चौघं हॉस्पिटलात गेलो. धाकटी बाकाची बातमी आणल्याबद्दल रस्ताभर माफी मागत होती. गाठी काढल्या. मग सलाईनमधून द्यायचं औषध सुरू झालं, ते कित्येक महिने चाललं. ताप, खाज, थकवा, सगळं झालं. डेपोतली तपासणी हुकली. ज्या दिवशी मला कारखान्यात जावं लागे, त्या दिवशी भिंगताई रजा टाकून त्याच्याजवळ बसायची, आणि तिला जमलं नाही तर धाकटी. संध्याकाळी तिघी आळीपाळीने त्याचा पाय बघायचो. तो कुरकुर करायचा, "माझा पाय आहे का बाटली?" पण मोजे पुन्हा घातले नाहीत.

स्कॅनचा निकाल कळायचा होता त्या दिवशी डॉक्टरबाईंच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या. आम्ही दोघं बसलो, त्या दोघी मागे उभ्या. पाय राहणार की जाणार, आजार आणखी कुठे पोचलाय का, हे त्यांच्या टेबलावरच्या पाकिटात होतं.

डॉक्टरबाईंनी कागद वाचले. "कुठेही काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पाय काढायचा प्रश्न नाही. औषध अजून चालू ठेवायचं आणि तपासणीला येत राहायचं."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे बघितलं नाही. आम्ही दोघांनीही मान वळवली ती मागे, भिंगताईकडे. धाकटी आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती. भिंगताई चष्मा पुढे ओढून डॉक्टरबाईंचा चेहरा न्याहाळत होती.

"बाई, परत एकदा सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी न चिडता परत सांगितलं. भिंगताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने आमच्याकडे बघून मान हलवली.

"खरं बोलतायत," ती म्हणाली.

तेव्हा कुठे मला रडू फुटलं.